मेंढरांच्या काठाचं मानपत्र

आमच्या घरात मे महिन्यातही पंखा बंद असतो. पाहुणा आला की आधी बटणाकडे जातो, मी ओरडते, मग तो चहा होईपर्यंत घाम पुसत बसतो आणि पुढच्या वेळी फोनवरच ख्यालीखुशाली विचारतो. पंखा लावला की सोन्याचा वर्ख उडतो. मिठाईवर असतो तितकाच पातळ, पण खऱ्या सोन्याचा. एकदा हवेत गेला की पकडायला गेलेल्या बोटालाच चिकटतो, आणि बोटाचं सोनं होऊन कामाची माती होते. त्यात घर चिकलठाण्याला, विमानतळाच्या अंगाला. विमान उतरताना तावदानं थरथरतात, तेव्हा मी वर्ख कागदात मिटते आणि विमानाला मनातल्या मनात शिव्या घालते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. नवरा पाट्या रंगवायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना ‘तो’ म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढी सूट असायला हरकत नाही. जालना रोडवरच्या कितीतरी दुकानांची नावं एके काळी त्याच्या हातची होती. मग फ्लेक्स आले आणि रंगाचे डबे पलंगाखाली गेले. शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा त्याला वाटलं, आता सगळ्या पाट्या नव्यानं रंगवाव्या लागणार. त्यानं डबे बाहेर काढले, ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मऊ केले. काम निघालं ते सगळं छापील. पुढं बरेच दिवस जालना रोडनं जाताना तो मान सरळ ठेवायचा, दुकानांकडे बघायचा नाही.

मानपत्रांचं खूळ माझं. शाळेच्या ग्रंथालयात कुणीतरी देणगी दिलेलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. त्यात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीतली हस्तलिखितं होती. मध्ये मजकूर, भोवती वेली, फळं, पाखरं, ससे, गोगलगाई, आणि जिथं तिथं सोनं. ते सोनं रंगवलेलं वाटत नव्हतं, कागदातून वर आल्यासारखं वाटत होतं. सुट्टीत मी ते पुस्तक घरी आणलं. नवऱ्यानं वेलींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो अक्षरांवरच थांबला. त्याला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ बघून म्हणाला, “ह्यो माणूस श्वास धरून लिहीत व्हता.”

तिथून आमचं सुरू झालं. कागद दौलताबादकडच्या हातकागदवाल्यांचा, पंच्यासारखा लांब, दोन्ही टोकांना लाकडी दांड्या, गुंडाळून गोंड्यानं बांधायचा. इटलीतल्या द्राक्षांच्या जागी मी सीताफळं आणि अंजिरं काढली, सशांच्या जागी शेळ्या, सरडे, साळुंक्या. मधला मजकूर त्याचा, देवनागरीत, बोरूनं. कुणाची पंच्याहत्तरी, कुणाची निवृत्ती, कुणाचा नागरी सत्कार. लोक फ्लेक्सला कंटाळले होते की काय कोण जाणे, पण मागणी येत गेली. नवरा पुन्हा जालना रोडनं इकडेतिकडे बघत जायला लागला.

ह्या कामाला क्रम असतो. आधी अक्षरं, मग सोनं, शेवटी रंग. अक्षरं आधी, कारण ओळ बिघडली तर नुसता कागद वाया जातो. सोनं रंगाच्या आधी, कारण ते अकीकाच्या दगडानं घासून चकाकवावं लागतं आणि त्या घासण्यात शेजारचा रंग फिसकटतो. सोन्याखाली खडूची पूड, सरस आणि मध ह्यांचा लेप असतो. तो वाळला की त्यावर तोंडाची ओलसर ऊब सोडायची. लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख टेकवायचा. तिकडे इटलीत त्यासाठी नळी वापरत. आम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ वापरतो, झाड दारातच आहे. श्वास नवऱ्याचा, वर्ख माझा. एकमेकांच्या इतकं जवळ तोंड आणून आम्ही एरवी कधी बसलो नसू. एकदा शेजारीण दार ढकलून आत आली आणि तशीच लाजून परत गेली.

त्या पावसाळ्यात करमाडच्या पलीकडच्या एका गावातून दोघं आले. एक तरुण सरपंच, एक फेटा बांधलेला म्हातारा. गावातली निम्मी वस्ती मेंढपाळांची. उपकेंद्रातल्या नर्सबाई निवृत्त होणार होत्या, सगळी नोकरी त्यांनी त्याच भागात काढली होती. सरपंचानं मजकूर लिहवून आणला होता. त्यात ‘सेवेचा अखंड नंदादीप’ होता, ‘करुणेचा महासागर’ होता. नवऱ्यानं वाचला आणि विचारलं, “ह्यात बाई कुठंय?”

सरपंच गडबडला. म्हातारा पुढं सरकला. तो म्हणाला, “आमचं बिऱ्हाड आज इथं तर उद्या तिथं. पाऊस सरला की मेंढरं घेऊन निघतो. लेकरांच्या सुया चुकायच्या. मंग ह्या बाई इचारत इचारत यायच्या. कोणाच्या रानात मेंढरांचा वाडा बसलाय, हुडकत यायच्या. मेंढरं जिथं बसली तिथं बाई आल्या. एवढंच लिव्हा.”

“हेच लिहायचं,” नवरा म्हणाला. “ही ओळ मधोमध घेऊ, जरा मोठ्या अक्षरात.”

म्हाताऱ्याला हुरूप आला. “अन् ताई, कडंनं मेंढरं काढा. पर मेंढी मेंढीच दिसली पायजे. शाळेच्या भिंतीवर काढलीय तशी कुत्र्यावानी नको.” ती भिंत बहुधा सरपंचानंच रंगवून घेतली असावी, कारण त्यानं घाईनं विषय बदलला. “लॅमिनेशन करून भेटंल का? म्हणजे पाण्यापावसाचं टेन्शन नाय.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा तो शब्द काढला नाही.

मेंढ्या मी जीव ओतून काढल्या. एकीसारखी दुसरी नाही. दोघींना आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा दिला. पण त्याच्याही आधी सोन्याचा प्रश्न आला. मजकूर पक्का व्हायला वेळ लागत होता, गावात दोन गट, प्रत्येकाला आपल्या माणसाचं नाव आत हवं होतं. इकडे पाऊस ओसरत होता. आमच्याकडे पाऊस गेला की हवा अशी कोरडी पडते की ओठ फुटतात, लेप दगड होतो आणि श्वास सोडून सोडून घेरी आली तरी वर्ख धरत नाही. नवरा म्हणाला, “तू तुझं सोनं आधी लावून घे. रंगबी भरून टाक. अक्षराचं काय, अक्षर कवाबी काढता येतं.”

म्हणून आम्ही उलटं केलं. तो श्वास सोडत गेला, मी सोनं लावत गेले. काठ इतका भरला की मध्ये अजून काही नसताना नुसतं बघत बसावंसं वाटे. मजकूर अखेर ठरला. दसरा झाल्यावर एका सकाळी त्यानं बोरू तासला आणि मथळा आणि पहिल्या तीन ओळी एका बैठकीत लिहिल्या. चौथी ओळ म्हाताऱ्याची होती. “ती उद्या, ताज्या हातानं,” म्हणाला आणि बोरू धुवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो चहा पीत होता. बशी तोंडाकडे नेताना वाकडी झाली, चहा लेंग्यावर सांडला, आणि लेंगा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तो त्याकडे बघत राहिला. मी वैतागले. “अहो, लक्ष कुठंय तुमचं?” त्यानं मान वर केली तेव्हा तोंडाचा एक कोपरा खाली आलेला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालण्याइतका राहिला, आणि बोलणं गेलं. बोलायला लागला की घशातून नुसता घोळ निघायचा. एक शब्द मात्र स्वच्छ यायचा, “नाय”. पुन्हा चहा करू का, नाय. पडता का जरा, नाय. जन्मभर गिऱ्हाइकाला नाही म्हणायला लाजणारा माणूस तो.

नातेवाईक येऊन गेले. एक म्हणाला, कबुतराचं रक्त चोळा, हमखास गुण येतो. दुसऱ्यानं कुठल्याशा डोंगरातला औषधवाला सांगितला. एरवी मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. त्या वेळी सगळ्यांना हो म्हणत गेले. कुणी खरंच कबुतर आणून हातात दिलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. रात्रंदिवस मनात एकच होतं की कुणीतरी येऊन हा हात पुन्हा चालू करावा, आणि ते कुणाच्याच हातात नव्हतं.

व्यायामासाठी फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली जायची, नखं तळव्यात रुतायची. ती उघडायला तिनं मला शिकवलं. ओढायचं नाही, ओढलं की आणखी घट्ट होते. मनगट खाली वळवायचं, अंगठा आधी बाहेर घ्यायचा, मग करंगळीकडून एकेक बोट. मी ते शिकले. मूठ उघडायची आणि सोडली की परत मिटायची.

मानपत्र टेबलावरच होतं. काठ पुरा, सोनं लखलखीत, मेंढ्या हिंडतायत, वर तीन ओळी, आणि खाली सगळा कोरा कागद. क्रमानं गेलो असतो तर अक्षरं झाली असती आणि काठ राहिला असता. काठ मी कशीही ओढून काढला असता. नवं करावं म्हटलं तर हवा कोरडी पडलेली. कार्यक्रम पुढं ढकलावा म्हटलं तर एका पुढाऱ्याची तारीख मिळालेली, ती हलत नव्हती. मी येताजाता त्या कागदावर फडकं टाकायची आणि पुन्हा उचलायची.

सरपंच भेटायला आला. सफरचंदं आणली, पलंगाच्या कडेला बसला, डोळ्यांत पाणी आणलं. जाता जाता दबक्या आवाजात मला म्हणाला, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. बाकीचं कंप्युटरवर काढून वरून चिकटवलं तर? फाँट आता लई भारी भारी भेटतात.”

“नाय!” पलंगावरून आवाज आला. सरपंच चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

राहिले मी. माझं अक्षर म्हणजे फळ्यावरचं अक्षर, मागच्या बाकाला दिसलं की झालं. तो नेहमी चिडवायचा, “तुझी अक्षरं यष्टी धरायला निघाल्यावानी पळतात.” मी बोरू घेऊन दुसऱ्या कागदांवर घोटायला बसले. त्याची अक्षरं समोर ठेवून त्याच्या वळणावर वळण फिरवलं. लिहिलेला कागद त्याच्यापुढं धरायची. सुरुवातीला तो डाव्या बोटानं दाखवायचा, इथं जाड, इथं उचल. मग एकदा त्यानं कागद पाहिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांडी आपटण्याखेरीज मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी तो काठी टेकत टेबलापाशी आला आणि खुर्चीवर बसला. फडकं काढलं. मी समजले. पुढं सरावाचा कागद ठेवला.

“नाय.”

“अहो, आधी ह्याच्यावर. दोन दिवस करू, मग—”

“नाय.”

त्यानं मानपत्र डाव्या हातानं ओढलं. मी काय करणार होते? पुढं सरकवलं तर ते जाणार होतं, मागं घेतलं तर तो जाणार होता. मी बोरू शाईत बुडवला, त्याच्या डाव्या हातात दिला आणि कागदाची दोन्ही टोकं धरून उभी राहिले.

त्यानं म्हाताऱ्याची ओळ घेतली. पहिल्या अक्षरालाच बोरू घसरला. शिरोरेषा उताराला लागली. काने लटपटत उभे राहिले, वेलांट्या कुठल्या कुठं गेल्या. तो बोरू इतका दाबत होता की कागद कुरकुरत होता. कपाळावरून घाम निघून भुवयांत साचत होता, आणि सवयीनं पंखा बंद होता. तो लावायचं माझ्या मनातही आलं नाही. मी मध्ये मध्ये पदरानं त्याचं कपाळ टिपत होते. मेंढरं जिथं बसली तिथं बाई आल्या. ही एवढी ओळ लिहून व्हायला दुपार सरली.

“छान आलंय,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाईट रंगवलेल्या पाटीला छान म्हणणारी गिऱ्हाइकं असत, त्यांच्याकडे तो असाच बघायचा. मग त्यानं टेबलावरच्या पात्याकडे बोट केलं. चुकलेलं अक्षर आम्ही त्या पात्यानं खरवडतो. वरचा पापुद्रा निघतो, खालचा कागद घोटून पुन्हा लिहिता येतं. वाईट अक्षर त्यानं कधी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

मी कागद उचलून खिडकीसमोर धरला. बोरू जिथं जिथं रुतला होता तिथून उजेड येत होता. खरवडायला गेलं की भोक पडणार होतं, अगदी मधोमध. मला सांगावं लागलं नाही, त्यालाही दिसलं. मी मानपत्र खाली ठेवलं. त्यानं त्या ओळीवर डावा तळवा ठेवून ती झाकली. शाई ओली होती, तळव्याला लागली, तरी त्यानं हात काढला नाही. मी त्याच्या शेजारी उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं.

उरलेल्या ओळी मी लिहिल्या. यष्टी धरायला निघालेल्या अक्षरांत. तो शेजारी बसला, पण बोटानं काही दाखवलं नाही. त्याच्या कोपराखाली एका सीताफळाच्या कडेचं सोनं घासलं गेलं होतं, तेवढं भरायला मी पपईचा देठ आणला आणि सवयीनं त्याच्या तोंडात दिला. त्यानं श्वास सोडला. तो ओठाच्या खाली आलेल्या कोपऱ्यातून निघून गेला, लेपापर्यंत काही पोचलं नाही. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मग मी देठ माझ्या तोंडात घेतला. नखाएवढी जागा, तरी कोरड्या हवेत कितीतरी श्वास लागले. त्यानं डोळे मिटून घेतले आणि वर्ख बसेपर्यंत उघडले नाहीत.

कार्यक्रमाला गावानं गाडी पाठवली. मला वाटलं तो नाय म्हणेल, पण तो मुकाट्यानं निघाला, इस्त्रीचा सदरा घालून. शाळेच्या मैदानात मांडव होता. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. सत्कार बाईंचा, पण गावानं आम्हा दोघांनाही शाल-नारळ दिला. फोटोवाला समोर आला तेव्हा व्यायामवाल्या मुलीनं शिकवल्याप्रमाणे मी नवऱ्याची उजवी मूठ उघडली, हात मांडीवर नीट ठेवला, शालीच्या बाहेर.

मानपत्राचं वाचन सरपंचानं मोबाईलवरून केलं. करुणेचा महासागर त्यानं परत आणला होता. मग दोघांनी दांड्या धरून मानपत्र उलगडलं, टाळ्या पडल्या, पुढाऱ्याचा अंगठा एका मेंढीच्या तोंडावर आला, फोटो निघाला, गुंडाळी झाली. म्हातारा मात्र गुंडाळी व्हायच्या आत पुढं होऊन काठ बघून आला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, “मेंढ्याच हायेत, ताई. मेंढ्याच हायेत.” मला इतकं बरं वाटलं की मी हसले.

जेवणं सुरू झाली तेव्हा नर्सबाई स्वतःच आमच्याकडे आल्या. साध्या, उन्हानं रापलेल्या, हार काढून पिशवीत घातलेला. मानपत्र त्यांनी पुन्हा उलगडलं आणि शेजारच्या खुर्चीवर पसरलं. वरून खाली वाचत आल्या. चौथ्या ओळीपाशी थांबल्या. त्यांनी तिच्याखाली बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

“ही वेगळ्या हाताची आहे ना?” त्या म्हणाल्या. “कुणी लिहिली?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं, त्यानं मान हलवावी, हात उचलावा, काहीतरी करावं. ज्या बाईसाठी ती ओळ लिहिली होती, तिला ती कळली होती. त्यानं डावा हात, चालता हात, हळूहळू शालीखाली घेतला. उजवा तसाच मांडीवर राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

बाईंनी ते पाहिलं. त्या त्याच्यासमोर जरा वाकल्या. “तुम्ही लिहिली का?”

“नाय,” तो म्हणाला. अगदी स्वच्छ.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनी ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. “मग ताई, तुम्ही,” त्या म्हणाल्या. “हीच ओळ मला सगळ्यांत आवडली.” खरं सांगितलं असतं तर त्याला चारचौघांत खोटं पाडलं असतं. गप्प राहिले तर त्याची शेवटची ओळ माझ्या नावावर जात होती. मी मान हलवली. बाई मानपत्र गुंडाळून घेऊन गेल्या.

मी शालीखाली हात घातला. त्याची डावी मूठ घट्ट आवळलेली होती. मी मनगट खाली वळवून पाहिलं, अंगठा आधी बाहेर घ्यायला गेले. ती उघडेना. उजवीचं मला शिकवलेलं होतं, हिचं कुणी शिकवलं नव्हतं. जेवायला चला म्हणून कुणीतरी हाक मारली, आणि मी ती मूठ तशीच धरून बसून राहिले.